सहा भोकांची ताटली

१४ सप्टेंबर, रविवार

लायलनं रिव्हॉल्व्हर आणून थेट माझ्या ओट्यावर ठेवलं! सफरचंदं चिरत होते, त्या सालींच्या ढिगाला टेकवून. मी ओरडले तर हा आपला हसतोय. धाकटा दीर म्हणायचा, पण साठी उलटली त्याची. अक्कल मात्र तिथल्या तिथेच.

"रायफल खांद्याला लावता येत नाही ना दादाला? मग हे धरून बघू दे. डाव्या हातानं."

एमरी, माझा नवरा, खिडकीपाशी बसला होता. एप्रिलमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवा हात नुसता मांडीवर पडलेला असतो. बोलणंही जड झालंय. त्यानं डावा हात पुढे केला, रिव्हॉल्व्हर तोललं, लांब नळी खिडकीकडे केली. आणि हसला! झटका आल्यापासून पहिल्यांदा.

मला नको म्हणायचं होतं. पण ते हसू बघितलं आणि तोंड मिटलं.

१७ सप्टेंबर

एमरी दिवसभर तेच करतोय. रिकामं रिव्हॉल्व्हर स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वाळूच्या पिशवीवर टेकवायचं. नळीवर तांब्याचं एक नाणं, सेंट, ठेवायचा. चाप ओढायचा. सेंट पडला नाही पाहिजे. सेंट पडतो. मी उचलून ठेवते. परत पडतो. माझ्या गुडघ्यांची पार वाट लागली. पण बाई, टीव्हीसमोर शून्यात बघत बसायचा त्यापेक्षा बरंच की हे.

२८ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून आल्यावर मागच्या शेतात गेलो. काठ्यांची तिपाई केली, त्यावर नळी टेकवली. पुढे पुठ्ठ्याच्या खोक्यावर कागदी ताटली ठोकली. अ‍ॅपल पाय भाजायच्या ताटलीएवढी. हरणाचं काळीज नि फुप्फुसं मिळून साधारण तेवढीच जागा असते.

गोळ्या मीच भरते. रिव्हॉल्व्हर उघडायला, टरफलं काढायला दोन हात लागतात. लायल म्हणाला, "गुडघ्यात दाबून धर, एका हातानं जमतं." एमरीनं त्याला अशी शिवी हासडली, की रविवार होता म्हणून मी इथे लिहीत नाही.

सहा झाडल्या. ताटली कोरी करकरीत! पुढच्या नांगरटीतून त्याला काठी टेकूनही चालवत नाही, म्हणून ताटली आणायला जाते मीच. आणून दाखवली. तो म्हणाला, "फेकू नको. अ‍ॅपल पाय भाज त्यात."

२९ सप्टेंबर

हे सगळं त्या शिकारीच्या कॅम्पच्या नियमापायी. डोंगरातली ती लाकडी खोली माझ्या सासऱ्यांनी बांधली आणि नियमही त्यांचाच. हंगामाआधी प्रत्येकानं आपली ताटली आणून भिंतीवर ठोकायची. जिथून हरणावर गोळी झाडणार तेवढ्याच अंतरावरून मारलेली. सहाच्या सहा आत पाहिजेत. एक जरी बाहेर गेली तर त्या वर्षी बंदूक नाही, स्वयंपाकघर! आणि हरणावरचा नेम चुकला तर शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचं लोंबतं टोक, कापून भिंतीवर. कितीतरी शेपटं टांगलीत तिथे. एमरीचं एकही नाही.

ताटली मारताना साक्षीदार लागत नाही. आणलीस ना, मग तुझीच. आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही.

सासरे गेल्यावर नियम सांभाळला तो एमरीनं. सख्ख्या भावालाही सोडलं नाही. लायल अजून ऐकवतो, "एक भोक, बोटभर बाहेर! आणि ह्या बाबानं मला हंगामभर बटाटे सोलायला बसवलं!"

५ ऑक्टोबर, रविवार

आज लायल म्हणाला, "दोष बंदुकीत आहे का बघायला पाहिजे. अर्लीन, तू मार बघू."

मी कशाला, मी कशाला म्हणत बसले. मारल्या. सहाच्या सहा आत गेल्या. वर सगळ्या एका मुठीत मावतील अशा!

लायल टाळ्या पिटायला लागला. मूर्ख मेला. मी एमरीकडे बघितलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे बंदूक चांगली आहे." आणि काठी घेऊन एकटाच घराकडे निघाला. जेवताना डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी, त्याच्या आवडीची. अर्धं टाकलं.

एक तरी बाहेर मारायला काय झालं होतं मला?

६ ऑक्टोबर

दिवसभर टीव्हीसमोर. रिव्हॉल्व्हरला हात लावला नाही.

१९ ऑक्टोबर

तीन आत! मी ताटली दोन्ही हातांनी डोक्यावर धरून शेतातून आले. "म्हातारे, पडशील," म्हणाला. सेंटही आता नळीवर राहतो, दहात सातदा तरी. डेनीसला फोन करून सांगितलं. लेक म्हणते, "आई, पप्पांचा आवाज बदललाय गं. फिजिओथेरपीवाल्यांना जमलं नाही ते एका बंदुकीनं केलं."

२ नोव्हेंबर

चार. गेल्या आठवड्यात चार, परवा चार, आज चार. हात थकला की शेवटच्या दोन वर सुटतात.

संध्याकाळी मी म्हटलं, "चार म्हणजे काय कमी झाल्या? लायलला सांगू, अंतर थोडं कमी करू."

"अंतर कमी केलं तर हरीण माझ्या मांडीवर येऊन बसायला पाहिजे. चार म्हणजे चार. स्वयंपाकघर."

मग थोड्या वेळानं म्हणाला, "बटाटे तरी कसे सोलू, अर्लीन? एका हातानं?"

हसत म्हणाला. मी बेसिनपाशी जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्या ताटल्या ठोकायच्या.

शेवटची ताटली. थंडी फार, बोटं आखडलेली. मारल्या सहा. मी आणायला गेले. चार आत. दोन पुठ्ठ्यात, ताटलीच्या काठापासून इवलंसं वर. इवलंसं!

खोक्याच्या आड वाकले. एप्रनच्या खिशात पेन्सिल होती. हीच, जिनं आत्ता लिहितेय. दोन भोकं पाडली. शिशाची काळी कड उमटली, गोळीच्या भोकाला असते तशीच. हात अजिबात कापला नाही माझा. आणि ताटली डोक्यावर धरून निघाले.

"सहा!" मी ओरडले. "एमरी, सहा!"

त्यानं ताटली मांडीवर घेतली. कितीतरी वेळ बघत राहिला. भोकांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "लायलला फोन लाव." मी नाही, स्वतः बोलला. झटक्यानंतर पहिल्यांदा स्वतः फोन धरून. "लायल्या, बटाटे तूच सोल यंदा!"

रात्रीच्या जेवणाला मी पण दोन घास जास्त खाल्ले. खोटं कशाला लिहू, आज मी खूश आहे.

१६ नोव्हेंबर

ठोकली ताटली. लायलनं स्वतः हातोडी घेतली, मानानं खाली एमरीचं नाव लिहिलं. सगळ्यांनी पाठ थोपटली त्याची. कुणी काही विचारलं नाही. विचारतच नाहीत ना!

येताना गाडी मी चालवत होते. नजर रस्त्यावरून हलवली नाही.

२० नोव्हेंबर

काय करून बसले मी हे! 

डेनीसला सांगितलं. तिला हसूच आलं. "आई, कागदाची ताटली ती! पप्पा आनंदात आहेत, झालं की."

झालं कसं? ताटली काय माणसाला शाबासकी द्यायला आहे? हरणासाठी आहे ती. गोळी पोटात बसली तर ते दोन दोन दिवस जंगलात तडफडत हिंडतं. एमरीनं एकदा तशा हरणाचा माग काढला होता. गोळी दुसऱ्याच कुणाचीतरी. हरीण सापडलं तेव्हा कोल्ह्यांनी मागून खायला सुरुवात केली होती, आणि ते जिवंत होतं. घरी येऊन जेवला नव्हता. आणि आता माझ्यापायी एखाद्या हरणाची तशी गत त्याच्याच हातून व्हायची.

सांगून टाकावं. उद्या सांगते.

२१ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

उद्या थँक्सगिव्हिंग. टर्की मिठाच्या पाण्यात घातली. कॅम्पसाठी भोपळ्याचे गोड पाय वेगळे भाजले. एमरी लाल चौकड्यांचा शर्ट घेऊन आला, एक बटण लोंबत होतं. "लाव एवढं. हा घालणार पहिल्या दिवशी. ह्याचं शेपूट अजून शाबूत आहे बघ."

सुई ओवताना म्हटलं, "एमरी, यंदा राहू दे का? पुढच्या वर्षी हाताला अजून जोर येईल."

"सहा आत आहेत ना?" म्हणाला. माझ्याकडे रोखून बघत.

तीच वेळ होती. अगदी हातात आलेली. आणि मी काय म्हटलं? "हो, आहेत ना."

बटण लावलं. धागा दातानं तोडला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

२९ नोव्हेंबर, शनिवार. पहिला दिवस.

उजाडायच्या आत मी त्याला आडोशात नेऊन बसवलं. फांद्या रचून केलेला, लायलनं खास आमच्यासाठी वाटेजवळ बांधलेला. दोघं नारिंगी जाकिटात, भोपळ्यासारखे. मी सहा गोळ्या भरल्या.  तेवढ्यात त्याला कॉफी आठवली. "थर्मास गाडीत राहिला बघ." मी परत जाऊन घेऊन आले. तोवर हा डावा हात जाकिटाच्या आत खुपसून शांत बसलेला. "बोटं गरम करतोय," म्हणाला.

बसलो. किती वेळ कोण जाणे. बर्फ भुरभुरत होता. मी मनात एकच घोकत होते, देवा, आज एकही हरीण पाठवू नको.

आणि आलं. चांगला आठ टोकांच्या शिंगांचा नर, आडवा उभा राहिला. ताटली असायची त्याहूनही जवळ! एमरीनं नळी तिपाईवर टेकवली. गाल खाली घेतला. हात इतका स्थिर की नळीवर सेंट ठेवला असता तर पडला नसता.  सांगावं का? आत्ता? ओरडून पळवून लावावं का त्याला?

मी काहीच केलं नाही. एमरी पण नुसता बघत राहिला. नर खाली वाकला, पानं उकरली, कान टवकारले, आणि आपल्या चालीनं ओढ्याकडे उतरून गेला. चाप ओढलाच नाही ह्यानं!

"का रे?"

"लांब होतं," म्हणाला.

लांब नव्हतं. मला कळलं काय झालं ते. खोट्या ताटलीनं उभं केलेलं अवसान, खरं हरीण समोर आल्यावर गळालं. माझंच पाप. स्वयंपाकघरात बसला असता तर निदान मान ताठ ठेवून बसला असता.

कॅम्पवर लायल कात्री घेऊन तयार. ऐकून म्हणाला, "गोळीच झाडली नाही? मग शेपूट कसलं कापू!" सगळे हसले. एमरी पण हसला. मी भोपळ्याचा पाय कापून वाढत होते, मान वर केली नाही.

निघताना एमरी परत आत गेला, टोपी राहिली म्हणून. गाडीत बसताना रिव्हॉल्व्हर स्वतःच डब्यात घालून कुलूप लावलं.

३० नोव्हेंबर, रविवार

लाल शर्ट धुवायला घेतला. खिसा जड लागला. रुमालात गुंडाळलेल्या सहा गोळ्या. न झाडलेल्या. मी भरलेल्याच त्या. म्हणजे मी थर्मास आणायला गेले तेव्हा गुडघ्यात दाबून, एका हातानं काढल्या त्यानं. अख्खा दिवस रिकामं रिव्हॉल्व्हर घेऊन बसला होता.

बाहेर जाऊन त्याच्यापुढे टेबलावर ठेवल्या. त्यानं जाकिटातून घडी केलेली ताटली काढली, भिंतीवरची, आणि गोळ्यांशेजारी ठेवली.

"चार माझ्या आहेत, अर्लीन. दोन नाहीत."

"कधी कळलं?"

"मांडीवर घेतली तेव्हाच."

"मग लायलला फोन कशाला केलास? एवढा आनंद कशाला दाखवलास?"

"तू ताटली डोक्यावर धरून येत होतीस ना शेतातून," तो म्हणाला. "एप्रिलपासून तुला तसं हसताना बघितलं नव्हतं मी."