बॉशनं पाडलेली छिद्रं

आसावरी,

'प्रिय' लिहून खोडलंय. आज तुझ्यावर प्रेम करायची इच्छा नाही.

मी केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ही थाप तुझ्या बाबांना तू मारलीस. तेच कॉलेज अर्धवट सोडून गोदामात काम करणारा मुलगा तुमच्या घरी चालला नसता म्हणे!

तुझ्या बाबांनी, म्हणजे काकांनी, आयुष्य खताच्या कारखान्यात काढलेलं. जेवताना त्यांनी मला जर्मन इंजिनिअर कार्ल बॉशवरच प्रश्न टाकला. "सांग वेद, खतासाठी अमोनिया बनवताना त्याच्या पोलादी नळ्या का फुटायच्या?"

"काका, हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करायचा. म्हणून बॉशनं आतून मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक छिद्रं पाडली. झिरपलेला वायू निघून जायचा."

"शाब्बास! असा जावई पाहिजे!" काकांनी स्वतः मला श्रीखंड वाढलं. मी खरं बोलणार, तेवढ्यात तू टेबलाखाली माझा पाय दाबलास.

यार, नुसती भिंत जाड करून भागत नाही, हे त्या जर्मन माणसाला कळलं होतं. तू मात्र थापेवर थाप चढवतेयस. आता म्हणे ग्रॅज्युएशनचा गाऊन भाड्यानं आणू, बाबांना फोटो दाखवू! माझी एवढी लाज वाटते तुला?

हे पत्र तुला पाठवत नाही, कारण काकांना खरं सांगण्यापासून तू मला अडवशील. तुमच्याच घरासमोर गाडीत बसून लिहितोय. काका अंगणातल्या लिंबाला पाणी घालतायत. मला बघून त्यांनी हात हलवलाय.

अजून त्यांना मी आवडतो. उतरतोय.

तरीही तुझाच,
वेद