प्राध्यापकांच्या घरची शेगडी

पॅरिस, ३ मार्च १८६८

प्रिय ओडिलताई,

तुझ्या गुडघ्यानं आपल्या बोन गावच्या थंडीशी जुळवून घेतलं असेल आणि कोंबड्यांनीही अंडी देण्याचं मनावर घेतलं असेल, अशी आशा करतो. मी ठीक आहे. (खोकला आहे, पण तो ग्रंथालयाच्या धुळीचा, म्हणजे नोकरीचाच भाग.)

ग्रीकच्या प्राध्यापकपदाचं काय झालं, असं तू विचारलंस. इथे उमेदवारानं मत देणाऱ्या प्रत्येक विद्वानाच्या घरी जाऊन भेटायचं असतं. बावीस वर्षं हस्तलिखितांच्या याद्या करणाऱ्या माणसाला (यादीशी बोलावं लागत नाही) हे किती जड, ते तुला माहीतच आहे. तरी गेल्या महिन्यात काळा कोट चढवून म्हाताऱ्या लाव्हाल महाशयांकडे गेलो. त्यांचं घर सांभाळणाऱ्या बाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, "आलात एकदाचे शेगडीवाले. तीन दिवस धुरात बसलोय." आणि मला थेट शेगडीपुढे नेऊन उभं केलं. मी खुलासा करणार होतो, पण धूर तर खरंच होता. मग कोट काढला, शेगडीची धुराची नळी उतरवली, बाबांनी शिकवलं होतं तशी काजळी झाडली. तासाभरात शेगडी धडधडून पेटली.

बाईंनी स्वयंपाकघरात बसवून बटाट्याचं सूप दिलं, वर जायफळ किसलेलं. ताई, अगदी तुझ्या हातचं. मी पुन्हा मागून घेतलं, आणि डोळे पुसायला गेलो तर तोंडभर काजळी. तेवढ्यात महाशय दारात येऊन म्हणाले, "कामाची माणसं अशी असावीत. नाहीतर आज तो कुणी ग्रंथपाल यायचा होता, त्याचा अजून पत्ता नाही."

मी टोपी उचलून निघालो. पुढे मतदानात मला एकच मत पडलं. कुणाचं, ते कळलं नाही.

वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या घराचा जिना उतरताना मला पदाची आठवण नव्हती, तुझ्या बोलण्याची होती. गाव सोडताना मी घोडागाडीत बसलो तेव्हा तू म्हणाली होतीस, "जा, मेलेल्यांची भाषा शीक. जिवंत माणसं बसतील वाट बघत." तेव्हा मी हसलो होतो. आता संध्याकाळी शेवटच्या वाचकाला उठवून दारं लावतो, आणि आपल्या गल्लीत या वेळी कोण कुणाला जेवायला हाका मारत असेल, ते मनात जुळवत तिथेच उभा राहतो.

तुझा धाकटा,
इपोलीत

ता. क. नगराध्यक्ष भेटलेच तर सहज विचार, गावच्या ग्रंथालयातली जागा अजून रिकामी आहे का. मला तशी विशेष हौस नाही.

आणखी एक. राजीनामा मी कालच दिला. ऊन पडलं की माडीवरची गादी तेवढी बाहेर टाक.