लाल दोऱ्याची फळं

बेटमा, २ मे २०२५

चि. स्पृहास,

आजीचे आशीर्वाद. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. डोळा बरा आहे. इंदूरला तुकोगंजच्या डॉक्टरने चष्मा दिला, आता मुंगीचे पायसुद्धा दिसतात.

टरबूज यंदा मस्त आलं. वेलीला तीन-तीन, एकेक सहा किलोचं. साल अशी जाड की ट्रकमधून फेकलं तरी फुटायचं नाही. व्यापारी म्हणाला, "माताजी, इस बार तो कमाल कर दिया." तुझा बाप खूश. घरात तोंड वाकडं फक्त माझं.

आपलं टरबूज फिकट, पांढरट हिरवं. सुरी टेकवली की तडकायचं. तुझे नाना आजोबा जाईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून त्यातलं गोड तेवढं निवडत आणलं. यंदा फिकट एकही नाही. सगळी पट्ट्यांची.

तुझा बाप म्हणतो, मधमाश्यांनी घोटाळा केला. मी तिसरी शिकलेली, पण माशीने केलं असतं तर काही फिकट, काही पट्ट्यांची निघाली असती. एकशेचाळीस वेलींना एकसारखी फळं माशी लावत नाही. इतकं नेटकं काम हाताचं.

गेल्या वर्षी फाल्गुनात माझ्या डोळ्याला पट्टी होती, तेव्हा आठ दिवस तू पहाटे स्कूटीवरून येत होतीस. नात असावी तर अशी, असं मी गावभर सांगितलं. आपलं बी आपलंच राहावं म्हणून संध्याकाळी बांधलेली मादी कळी सोडायची, त्याच वेलीचं नरफूल तिच्यावर फिरवायचं, परत बांधून लाल दोऱ्याची खूण करायची. मी खाटेवरून विचारायचे, त्याच वेलीचं घेतलंस ना? "हो आजी, काळजी नको." डिकीत रोज डबा असायचा. मला वाटायचं पोहे असतील. पण एक दिवसही पोहे मिळाले नाहीत. आता कळतं, त्यात तुझ्या बियाणे कंपनीच्या वेलींची फुलं होती, आणि त्या लाल दोऱ्याच्या फळांचंच बी आम्ही यंदा पेरलं.

पीक जास्त आलं, खोटं कशाला बोलू. मागितलं असतंस तर चार वेली दिल्या असत्या. तू सगळ्याच घेतल्यास.

आता हे लिहायचं नव्हतं. जुन्या बियांचा डबा मीच तुला दिला. कंपनीच्या पलासियाच्या ऑफिसात थंड कपाट आहे, तिथे बी टिकेल म्हणालीस. घरात एक दाणा ठेवला नाही मी. तुझ्या बापाला हे अजून सांगितलेलं नाही.

यंदाचं बी पेरलं तर वेलीगणिक वेगळं निघेल. त्यातून आपलं परत निवडायला आठ वर्षं जातील. मी शहात्तरची आहे.

डबा असेल तर पाठव. संपवला असशील तर संपवला म्हणून लिही. काळजी नको, एवढं मात्र लिहू नकोस.

डोळे बांधून तुझ्यावर विसंबलेली,
आजी