दोन आडनावे

५ जुलै २००४
शिरोळहून येऊन महिना झाला. अजून उचगावात मावशीकडेच. खोलीसाठी तीन घरी विचारले. तिन्ही घरी आधी आडनाव, मग क्षणभर शांतता, मग "खोली कालच गेली." कांबळे. तीन अक्षरे उच्चारण्याचाही शीण येऊ शकतो.
कारखान्यात नवे फर्मान. पंपांचे सुटे भाग घेणारे स्पेनचे पाहुणे १९ला येणार. मी त्यांच्या भाषेत ओळख करून द्यायची. जमले तर निर्यात विभागात कायम, नाहीतर महिनाअखेर शिरोळ.
आमचे विभागप्रमुख पाटीलसाहेब म्हणाले, "बोर्डात आलीस न्हवं तू? मग चार वाक्यं पाठ कर की." पाठांतर आणि माणसासमोर बोलणे या वेगळ्या परीक्षा आहेत, हे त्यांना कोण सांगणार?

८ जुलै
स्पॅनिशची शिकवणी सुरू. वर्गात सात जण. इंग्रजी माध्यमाचे सहा. मी सारे देवनागरीत उतरवते म्हणून शेजारची हसली. तिच्या तोंडी मात्र प्रत्येक त चा ट होतो. "एन्कान्तादा" (भेटून आनंद झाला) बाईंनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले. उच्चार शुद्ध. आवाज मात्र फळ्यापर्यंतही पोचला नाही.
अंकलिपीत ज्याच्यापुढे कधी चित्र नव्हते तो ञ इथे भेटला. सेञोर, म्हणजे महाशय. माञाना, म्हणजे उद्या. त्याला अखेर नोकरी लागली. माझे बाकी आहे.

१२ जुलै
"मे यामो सुजाता. सोय न्वेवा आकी." माझे नाव सुजाता, मी इथे नवीन आहे. इथवर ठीक. बाई म्हणाल्या, पूर्ण नाव. तिकडे दोन आडनावे लावतात. आधी वडिलांचे, मग आईचे माहेरचे.
मामांचे आडनाव लिहू लागले आणि लेखणी थांबली. तेही कांबळेच.
संध्याकाळी फोनवर आईला सांगितले, तिकडे मी कांबळे कांबळे. इथे एकदा सांगणेही जड, तिथे दोनदा. ती म्हणाली, "बरं हाय की. एकदा ऐकू न्हाय आलं तर दुसऱ्यांदा यील."

१६ जुलै
साहेबांसमोर सराव. म्हणाले, "नुस्तं सुजाता म्हण. आडनावाचं काय काम हाय पावण्यास्नी?" त्यांच्या मनात काही नसावे. असेलही. विचारायचे त्राण नाही.
छातीवर लावायची चिठ्ठी आली. तिच्यावर सुजाता, एवढेच.

१९ जुलै
पाहुणे दोघे. बैठकीची खोली मात्र आमच्याच माणसांनी भरलेली. "मे यामो सुजाता" म्हटले आणि ठरल्याप्रमाणे तिथेच थांबले. त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी वही उघडली. "इ लोस आपेयिदोस?" आणि आडनावे?
सात समुद्रांपलीकडचा माणूस, प्रश्न तोच. फार थकल्यासारखे झाले. साहेबांकडे पाहिले नाही.
"कांबळे कांबळे."
शांतता. ते लिहीत होते. दोन्ही वेळा, अक्षर अन् अक्षर विचारून. मग मान वर करून थांबले. थोड्या वेळाने उमगले, ते माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत आहेत.
"सोय न्वेवा आकी." शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेले असावे.
निर्यात विभागाविषयी अवाक्षर नाही. निघताना साहेब गाडीच्या काचेतून एवढेच म्हणाले, "तुझं उद्या बघू."
माञाना.