माईच्या वहीचा समास

फ्रीगंज, उज्जैन
६ मार्च २०००

चि. सौमित्र यास यज्ञेश्वरकाकाचे पोटभर आशीर्वाद. तुझी प्रकृती ठणठणीत असेल, आणि पुण्याच्या खानावळीनं ती तशी ठेवली असेल तर खानावळवाल्यालाही माझा नमस्कार सांग. इकडे माझा गुडघा आणि आपले जुने शेजारी श्रीधरपंत सोडले तर सर्व क्षेम आहे. गुडघ्याला तेल चोळतो आहे. श्रीधरपंतांना काय चोळावं ते कळत नाही. तीन आठवडे झाले, बोलत नाहीत, आणि कारण तुझा कॉम्प्युटर.

झालं असं. तुझी माईकाकू जाऊन दीड वर्ष झालं. तिची वधूवरांची वही मी पुढे चालवणार म्हटल्यावर तू गेल्या उन्हाळ्यात तुझा जुना कॉम्प्युटर आणून दिलास आणि पाच दिवस बसून अख्खी वही डेटाबेसमध्ये घातलीस. नाव, वय, उंची, शिक्षण, गोत्र. समासात माईनं पेन्सिलीनं मोडीत काही काही टिपून ठेवलं होतं. (तिचे वडील ग्वाल्हेर दरबारच्या दफ्तरातले. दुसऱ्यानं वाचू नये असं काही असलं की ती मोडीत लिहायची, अगदी माझ्या पथ्याची यादीसुद्धा.) तू म्हणालास, "काका, ह्या मुंग्यांना कॉलम नाही." मीही मान डोलावली, कारण मोडी मला अक्षर अक्षर लावत वाचावी लागते आणि कंटाळा येतो.

आता माईची पद्धत तुला ठाऊकच आहे. स्थळ सुचवायच्या चिठ्ठीवर नाव नाही, फक्त क्रमांक आणि पत्ता. नकार आला तर गावभर नको. फेब्रुवारीत मी श्रीधरपंतांच्या भार्गवीसाठी बटण दाबलं. कॉम्प्युटरनं क्षणात देवासचा एक मुलगा काढून दिला. उंची जमली, शिक्षण जमलं, गोत्र वेगळं. मला इतका आनंद झाला की मी मशीनला शाबास म्हणालो. मुलगा, त्याची आई आणि आत्या इथल्या देवास गेटच्या स्टँडवर बसमधून उतरले, मी रिक्षा केली आणि त्यांना श्रीधरपंतांच्या टावर चौकाजवळच्या नव्या घरी घेऊन गेलो. (जुनं घर असतं तर पुढचं टळलं असतं.) भार्गवीनं मुलाला, म्हणजे सुहासला, साखर किती ते विचारलं. पोहे आले, वर रतलामी शेव. मग रिवाजाप्रमाणे मुलीच्या हातचं भरतकाम पुढे आलं, उशीच्या अभ्र्यावर दोन पोपट. आत्याबाईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "हे पोपट आम्ही पाहिलेत हो!"

दोन वर्षांपूर्वी, माई असताना, हाच सुहास, तेव्हा दाढीवाला, आत्याबाईंबरोबर येऊन हिलाच पाहून गेला होता आणि भार्गवीनं नकार दिला होता! मी त्या काळी फक्त पाकिटांवर तिकिटं चिकटवायचो, लक्षात ठेवणं माईकडे. सुहास बिचारा खाली बघत पोहे खात राहिला. श्रीधरपंत मात्र दारापर्यंत येऊन म्हणाले, "यज्ञेश्वरजी, मुलगी क्या सब्जी है, दो बार तौलने को? हिचं नाव वहीतून काढा." सव्वीस वर्षांची गुणी मुलगी माझ्या गाढवपणामुळे अडली आणि माईनं तीस वर्षं जिथे वाटीभर भाजी पोचवली ते घर तुटलं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तुझं पत्र. तुमच्या कंपनीत आता डेटाबेस नव्हे, कस्टमर रिलेशनशिपचं सॉफ्टवेअर करतात म्हणे. साधा डेटाबेस माणूस कोण एवढंच सांगतो. हे नवं सॉफ्टवेअर त्याच्याशी शेवटचं बोलणं काय झालं, तो कशावर रुसला, पुन्हा कधी विचारायचं, हेही सांगतं आणि वेळेवर आठवण करून देतं. बाळा, असलं सॉफ्टवेअर पस्तीस वर्षं आपल्या स्वयंपाकघरात होतं, आणि मी त्याला चहा टाकायला सांगत होतो.

असो. स्वेटर घालत जा.

तुझा,
यज्ञेश्वरकाका

ता. क. तुमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये मोडी चालते का, ते विचारून कळव.

ता. क. २. विचारू नकोस. पत्र पोस्टात टाकायचं राहिलं, आणि काल मी वही काढून भार्गवीच्या नावासमोरचा समास भिंग घेऊन लावला. दोन तास लागले. माई लिहिते : 'सुहास नको म्हणते. कारण मला कळलं आहे. घाई करू नये. सौमित्र दिवाळीला येईल, तेव्हा हिला फराळाला बोलवावं.' त्या वर्षी माई नवरात्रातच गेली. ह्याच मुंग्यांवरून तू पाच दिवस बोट फिरवत होतास.

ता. क. ३. गुढीपाडवा पाच एप्रिलला आहे. रजा काढ. आज श्रीधरपंतांकडे माफी मागायला गेलो, ते आतून बाहेर आले नाहीत. भार्गवीनं चहा दिला. तुला पत्र लिहितो आहे म्हटल्यावर कपबशी उचलता उचलता तिनं विचारलं, "तो अजून बिनसाखरेचाच पितो का, काका?" मला माहीत नव्हतं. तूच येऊन तिला सांग.