सुनेच्या सायकलची पिशवी

मंगळवार, दिवस बुडताना

खताच्या दोन रिकाम्या गोण्या धुऊन सुनंदाच्या सायकलला पिशवी शिवली होती. नातीच्या जुन्या दप्तराचे पट्टे लावले, बुडाला फाटक्या ट्यूबचा तुकडा. माझा बाप तट्टावर माल लादायचा, तशी दोन्ही अंगांनी लोंबणारी. गल्लीभर दाखवून आले.

आज सून पाय धूत होती, तर टाच सोललेली दिसली. म्हणलं, "चप्पल चावली का गं?"

"न्हाई आत्याबाई, पिशवी लागते. पायडल मारलं की टाच घासते."

"कधीपासून?"

"आठ दिस झाले."

"मंग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुमचं उघडं असतंय ना, म्हणून माझं बंद." असं म्हणली अन् आत गेली.

चूक माझीच. तट्टाला कुठं पायडल मारायचं असतंय? माप घेतलं ते भिंतीला टेकलेल्या सायकलीचं, वर बसणारीचं न्हाई. ते उसवून मागं सरकवता येईल. पण आठ दिस अंगणवाडीला जाता-येता टाच सोलून घेतली अन् मला सांगितलं न्हाई, एवढी भेते का ती मला? मी बी माझ्या सासूपुढं अशीच गप ऱ्हायची. तिला मनातल्या मनात काय काय म्हणायची, ते इथं लिहीत न्हाई.

आता सुनंदाला हाक मारते. बस म्हणते सायकलवर, पाय फिरव, अन् कुठं कुठं लागतंय ते सांग. तिचं सांगून होईस्तोवर मी मधी बोलायचं न्हाई. जमतंय का बघू.