उतरलेलं दार

प्रिय चिमणे,

तू गेल्यापासून मी तुझा फोन उचलला नाही, म्हणून रागावली असशील. रागाव. मी कामात होते. तुझ्या दादाच्या बाजूचं गाडीचं दार दुरुस्त करत होते.

ते दार तू कशी विसरशील? दवाखान्यातून निघताना ते लागेचना. दोरीने बांधून, घरापर्यंत हाताने ओढून धरलंस आणि उतरल्यावर म्हणालीस, "वहिनी, ही गाडी आणि दादा, दोन्ही आता तुला झेपत नाहीत." दार उतरलं कशाने, हे मात्र विचारलं नाहीस. अर्धांगवायू झाल्यापासून तुझा दादा त्याच दाराला धरून उठतो. सगळा भार त्याच्यावर टाकतो, मग वळून सीटवर बसतो. एवढा धिप्पाड माणूस रोज पेलायचा, तर बिजागऱ्या झिजणार नाहीत का?

मेकॅनिक म्हणाला, जुन्या गाडीसाठी एवढा जीव कशाला काढता, विकून टाका. मी त्याच्याकडून फक्त बिजागऱ्यांच्या नव्या पिना आणि बुश आणले. तुझ्या दादाने जन्मभर लोकांच्या घरांना दारं बसवली, गाडीचं दार त्याला काय जड? त्याची खुर्ची गाडीला लावली. दाराखाली जॅक, त्यावर जुन्या चादरीची घडी. जॅकचा दांडा त्याच्या चालत्या हातात, हातोडी माझ्या. गंजलेली पिन हलता हलेना. माझ्या अंगठ्यावर घाव बसला तेव्हा जिभेशी झगडत तो म्हणाला, "दारावर राग काढू नकोस." मी म्हटलं, "दारावर नाही, तुझ्या बहिणीवर काढतेय." तो हसला, पण दांडा सोडला नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही बिजागऱ्या बसल्या. दार बोटाने ढकललं तरी लागलं. मग तो त्याला धरून उभा राहिला. दार तसूभरही खाली गेलं नाही.

आता मुद्द्याचं. स्वयंपाकघरात तू हळू आवाजात मला आजारी माणसांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेतल्या जागेबद्दल सांगत होतीस, ते त्याने ऐकलं होतं. तू गेल्यावर त्याने मला विचारलं, "आधी कुणाला काढणार? गाडीला की मला?" उत्तरादाखल मी हातोडी उचलली. काल संस्थेत फोन करून तू राखून ठेवलेली ती जागा सोडली. तू मायेपोटीच केलंस, ठाऊक आहे मला. पण तुझा दादा कुठे राहणार, हे तू ठरवायचं नाहीस आणि मीही नाही. त्याने ठरवलंय, घरीच राहायचं. शनिवारी तुला घ्यायला स्टेशनवर आम्ही दोघं येतोय. पुढे तो बसेल. तू मागे बस.

तुझीच,
वहिनी